राजकीय समता आणि कॉर्पोरेट प्रभाव : अमेरिकी लोकशाहीतील एक अंतर्विरोध

प्रस्तावना

लोकशाही शासनपद्धतीत नागरिक संपत्तीने, शिक्षणाने व सामाजिक प्रतिष्ठेने विषम असू शकतात. परंतु मतपेटीसमोर त्यांची किंमत एकच असावी, हे राजकीय समतेचे किमान तत्त्व मानले जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला घटनात्मक अधिष्ठान दिले ते बऱ्याच उशिरा. अलाबामा राज्यातील विधिमंडळाच्या मतदारसंघांची रचना १९०० च्या जनगणनेवर आधारलेली होती व पुढील साठ वर्षे तिची पुनर्रचना झालेली नव्हती. परिणामी राज्याच्या सिनेटमध्ये एका मतदारसंघातील मत दुसऱ्या मतदारसंघातील मताच्या सुमारे ४१ पट वजनदार ठरत होते. १५ जून १९६४ रोजी 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' या खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी ही रचना घटनाबाह्य ठरविली. विधिमंडळाचे सदस्य माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत, असा त्या निकालपत्राचा आशय होता.

त्यानंतर बाराच वर्षांनी, ३० जानेवारी १९७६ रोजी, त्याच न्यायालयापुढे 'बकले विरुद्ध व्हॅलिओ' हा खटला निर्णयासाठी आला. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्ये काँग्रेसने निवडणुकीतील देणग्या आणि खर्च या दोहोंवर मर्यादा घातल्या होत्या. न्यायालयाने देणग्यांवरील मर्यादा ग्राह्य धरली, खर्चावरील मर्यादा मात्र रद्द केली. काहींचा आवाज तुलनेने अधिक ऐकू यावा म्हणून इतरांच्या अभिव्यक्तीला आवर घालणे ही कल्पनाच पहिल्या घटनादुरुस्तीला सर्वस्वी परकी आहे, असे न्यायालयाने म्हटले. मते मोजताना समता अनिवार्य, पण मत घडत असताना समतेचा विचार करणेही निषिद्ध, अशी ही विलक्षण स्थिती आहे. या स्थितीत ज्यांचा सर्वाधिक लाभ झाला, त्या बड्या कंपन्यांना स्वतःला मताधिकार नाही, ही त्यातील आणखी एक विसंगती होय.

कृत्रिम व्यक्तीचा घटनेत प्रवेश

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती आहे, हा विचार अमेरिकेत नवा नव्हता. १८१९ च्या डार्टमथ कॉलेज खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तिचे वर्णन केवळ कायद्याच्या दृष्टीपुढे अस्तित्वात असणारी, अदृश्य अशी वस्तू असे केले होते. याचा एक स्वाभाविक अर्थ असा की, ज्या सनदेने तिला जन्म दिला त्या सनदेतील अधिकार तेवढेच तिचे. यादवी युद्धानंतर मात्र या विचाराला वेगळे वळण मिळाले. १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती अस्तित्वात आली. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना कायद्याचे समान संरक्षण मिळावे हा तिचा प्रधान हेतू होता. (महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, त्यांच्याच लढ्याचे हे एक फलित होते.) या दुरुस्तीत संरक्षण 'नागरिका'ला नव्हे तर 'व्यक्ती'ला दिलेले आहे, आणि या एका शब्दावर रेल्वे कंपन्यांच्या वकिलांनी आपली सारी भिस्त ठेवली.

रॉस्को कॉन्कलिंग हे दुरुस्तीचा मसुदा तयार करणाऱ्या संयुक्त समितीचे सदस्य होते. पुढे ते सदर्न पॅसिफिक रेल्वेचे वकील म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि 'व्यक्ती' हा शब्द कंपन्यांचाही विचार करूनच योजला होता, असे त्यांनी सांगितले. हा दावा पुढील काळातील इतिहाससंशोधकांना टिकणारा वाटला नाही. तथापि १८८६ च्या 'सँटा क्लारा काउंटी' खटल्यात सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी, कंपन्यांना ही दुरुस्ती लागू होते याविषयी न्यायालयाला युक्तिवाद ऐकण्याची आवश्यकता वाटत नाही, असे तोंडी सांगितले. प्रत्यक्ष निकालपत्रात या प्रश्नाचा निर्णय नाही. न्यायालयाच्या वृत्तलेखकाने हे तोंडी विधान निकालाच्या शीर्षटिपणीत नोंदविले आणि पुढे तेच प्रमाण मानले गेले. ज्या सिद्धांतावर शतकभराची न्यायपरंपरा उभी राहिली, त्याचा पाया एका टिपणीत असावा, हे विधिक्षेत्रातील अभ्यासकांना आजही अस्वस्थ करणारे आहे. ॲडम विंकलर यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार १८६८ ते १९१२ या काळात सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीखाली कृष्णवर्णीयांच्या हक्कांविषयीचे २८ खटले निकालात काढले. कंपन्यांच्या हक्कांविषयीचे ३१२.

कंपन्यांनी निवडणुकीत पैसा ओतण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम मॅकिन्ली यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी बँकांकडून त्यांच्या भांडवलाच्या पाव टक्का या दराने निधी मागितला. वर्गणीपेक्षा करआकारणीशीच या पद्धतीचे साम्य अधिक होते. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमधील विमा कंपन्यांच्या चौकशीत पॉलिसीधारकांचा पैसा पक्षनिधीकडे वळविल्याचे उघड झाले आणि १९०७ मध्ये टिलमन कायद्याने संघीय निवडणुकांसाठी कंपन्यांनी देणगी देण्यावर बंदी आली. हा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते साउथ कॅरोलायनाचे सिनेटर बेंजामिन टिलमन, कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतल्याचा उघड अभिमान बाळगणारे होते. कॉर्पोरेट सत्तेला विरोध करणारा प्रत्येक जण राजकीय समतेचा पुरस्कर्ता असतोच असे नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मोंटानाचा अनुभव

कॉर्पोरेट प्रभाव म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी मोंटाना या राज्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १८८९ मध्ये संघराज्यात सामील झालेल्या या विरळ वस्तीच्या राज्यात ब्यूट शहराच्या परिसरात तांब्याचे प्रचंड साठे होते आणि विल्यम क्लार्क व मार्कस डेली या दोन 'ताम्रसम्राटां'मध्ये राज्याच्या राजकारणावरील वर्चस्वासाठी तीव्र स्पर्धा होती. त्या काळी अमेरिकी सिनेटचे सदस्य राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. जानेवारी १८९९ मध्ये फ्रेड व्हाइटसाइड या सदस्याने विधिमंडळासमोर ३० हजार डॉलर्सच्या नोटा सादर केल्या व क्लार्क यांना मत देण्यासाठी ही लाच देण्यात आल्याचे सांगितले. तरीही त्याच महिन्यात क्लार्क निवडून आले. सिनेटच्या समितीने १९०० मध्ये ही निवड अवैध असल्याचा अहवाल दिला, तेव्हा मतदान होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. आणि गव्हर्नर राज्याबाहेर असल्याची संधी साधून लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्याच रिक्त जागी त्यांचीच नेमणूक केली! ती नेमणूक टिकली नाही, परंतु १९०१ मध्ये नव्या विधिमंडळाने त्यांना पुन्हा निवडले व १९०७ पर्यंत ते सिनेटमध्ये राहिले.

हा प्रभावाचा पहिला व सर्वांत उघड प्रकार होय : रोख रक्कम व तिच्या मोबदल्यात मत. मात्र मोंटानातील पुढील घटना अधिक विचार करायला लावणारी आहे. स्टँडर्ड ऑईलशी संबंधित भांडवलदारांनी १८९९ मध्ये डेली यांच्या सहकार्याने 'अमॅल्गमेटेड कॉपर' ही कंपनी स्थापन केली. ऑगस्टस हाइन्झे या प्रतिस्पर्ध्याशी तिचे अनेक दावे चालू होते आणि स्थानिक न्यायाधीशाचा कल हाइन्झे यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९०३ मध्ये प्रतिकूल निकाल लागताच कंपनीने राज्यातील आपल्या खाणी व कारखाने बंद केले. हिवाळा तोंडावर आलेला असताना हजारो कामगार एकाएकी बेकार झाले. दावे दुसऱ्या न्यायाधीशाकडे वर्ग करता यावेत असा कायदा करण्यासाठी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलवावे, ही कंपनीची मागणी होती. गव्हर्नर जोसेफ टूल यांनी अधिवेशन बोलावले, कायदा संमत झाला आणि खाणी सुरू झाल्या.

या प्रकरणात कोणाला पाकीट द्यावे लागले नाही. कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारावर खर्च करावा लागला नाही. रोजगार ज्याच्या हाती, त्याने तो थांबविण्याची केवळ तयारी दाखवावी आणि लोकनियुक्त शासनाने त्याची इच्छा पूर्ण करावी, असा हा व्यवहार होता. चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९७७ मध्ये 'पॉलिटिक्स अँड मार्केट्स' या ग्रंथात उद्योगपतींच्या ज्या 'विशेषाधिकारयुक्त स्थाना'चे विवेचन केले, त्याचा हा जणू प्रयोगशाळेतील नमुना होता. गुंतवणूक व रोजगार यांविषयीचे निर्णय खासगी हातात असल्याने कोणत्याही पक्षाच्या शासनाला उद्योगांचे मन राखावेच लागते. यासाठी कटाची किंवा लाचेची गरज नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मोठी खासगी कंपनी लोकशाहीच्या सिद्धांतात बसत नाही, या निष्कर्षाशी त्यांनी ग्रंथ संपविला.

तिसरा प्रकार त्याहून संथ व दीर्घकालीन होता. अमॅल्गमेटेडची वारस असलेल्या अॅनाकोंडा कंपनीकडे मोंटानातील बहुसंख्य दैनिकांची मालकी होती व ती १९५९ पर्यंत टिकली. कंपनीला गैरसोयीची ठरणारी बातमी खोटी ठरविण्यापेक्षा ती न छापणे सोपे होते.

१९१२ मध्ये मोंटानाच्या मतदारांनी जनोपक्रमाचा हक्क वापरून, विधिमंडळाला बाजूला ठेवून, थेट मतदानाने भ्रष्टाचारविरोधी कायदा केला. उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या समर्थनार्थ अथवा विरोधात कंपनीने पैसा खर्च करण्यास त्यात मनाई होती. शंभर वर्षे हा कायदा अमलात राहिला. या कायद्याने वृत्तपत्रांच्या मालकीला हात लावला नव्हता, ही गोष्ट त्याच्या समर्थकांनी सहसा सांगितलेली नाही. प्रचारखर्चावरील बंदीमुळे स्वतःचे वृत्तपत्र नसलेल्या छोट्या उद्योजकाचे तोंड बंद होते आणि दहा वृत्तपत्रे बाळगणाऱ्या कंपनीचे उघडे राहते, हा विरोधकांचा आक्षेप म्हणूनच पोकळ म्हणता येत नाही.

भ्रष्टाचाराची आक्रसत गेलेली व्याख्या

बकले खटल्यानंतर समतेचा युक्तिवाद न्यायालयाला मान्य नसल्याने निवडणूक निधीवरील प्रत्येक निर्बंधाचे समर्थन 'भ्रष्टाचार प्रतिबंध' या एकाच आधारावर करावे लागले. साहजिकच भ्रष्टाचार म्हणजे काय हा प्रश्न निर्णायक ठरला. १९७८ मध्ये 'बेलॉटी' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने जनमतपृच्छेच्या प्रचारात खर्च करण्याची कंपन्यांना मुभा दिली. बहुमताचे निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी न्यायालयात येण्यापूर्वी, ऑगस्ट १९७१ मध्ये, उद्योगजगताने राजकारणात अधिक आक्रमकपणे उतरावे असे सुचविणारे टिपण चेंबर ऑफ कॉमर्ससाठी लिहिले होते. १९९० च्या 'ऑस्टिन' खटल्यात न्यायालयाने काहीशी माघार घेतली. कंपनीच्या रूपाने एकवटलेल्या व लोकमताशी काडीचाही संबंध नसलेल्या संपत्तीमुळे निवडणूक विकृत होते, हेही भ्रष्टाचाराचेच एक रूप आहे, असे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी मांडले. समतेचा विचार येथे भ्रष्टाचाराचा वेष घेऊन आला होता, असे म्हणता येईल.

२१ जानेवारी २०१० रोजी 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात ऑस्टिनचा निर्णय रद्द झाला. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या मते, उमेदवाराशी संगनमत न करता केलेला स्वतंत्र खर्च भ्रष्टाचाराला किंवा त्याच्या आभासालाही जन्म देत नाही. वक्ता कंपनी आहे म्हणून राजकीय भाषणावर बंदी घालता येत नाही. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी सुमारे ९० पृष्ठांचे भिन्नमतपत्र लिहिले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने या खटल्यात कंपनी-पक्षाची बाजू उचलून धरली होती, त्यामुळे हा केवळ उजव्या-डाव्यांचा वाद नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये एका अपील न्यायालयाने स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांना मिळणाऱ्या देणग्यांवरील मर्यादाही रद्द केली आणि 'सुपर पॅक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या समित्यांचा मार्ग मोकळा झाला.

मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर २०११ रोजी आपला १९१२ चा कायदा उचलून धरला. या राज्याचा इतिहासच भ्रष्टाचाराचा पुरावा आहे, असा बहुमताचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती जेम्स नेल्सन यांनी भिन्नमत नोंदविताना कंपनीला व्यक्ती मानण्याच्या कल्पनेवर कठोर टीका केली, पण वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय आपल्याला बांधून ठेवतो, म्हणून कायदा टिकू शकत नाही, असा प्रामाणिक कौल दिला. २५ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवाद न ऐकता, पाच विरुद्ध चार मतांनी, अवघ्या काही परिच्छेदांत मोंटानाचा निर्णय फिरविला. पुढच्याच नोव्हेंबरमध्ये राज्यातील सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी, कंपन्यांना मानवी व्यक्तीचे घटनात्मक हक्क नाहीत, असे धोरण जाहीर करणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले. त्याला कायद्याचे बळ नव्हते.

न्यायालयाच्या व्याख्येत १८९९ मधील नोटांची पाकिटे बसतात. १९०३ मधील टाळेबंदी बसत नाही, वृत्तपत्रांचे मौनही बसत नाही. देवाणघेवाण सिद्ध झाली तरच भ्रष्टाचार, अन्यथा अभिव्यक्ती, अशी ही विभागणी आहे. आणि राजकीय समतेची हानी प्रामुख्याने या दोहोंच्या मधल्या प्रदेशात होते.

निवडणुकीपूर्वी आणि निवडणुकीनंतर

सुपर पॅककडे आलेला पैसा मुख्यतः मोठ्या सार्वजनिक कंपन्यांचा आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्याचा मोठा वाटा अतिधनाढ्य व्यक्तींकडून आला. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क यांचा एकट्याचा खर्च २५ कोटी डॉलर्सहून अधिक होता. ग्राहक दुरावण्याच्या भीतीने अनेक कंपन्या उघड प्रचारापासून दूर राहतात. याला अपवाद ठरला तो कूटचलन उद्योग. कॉइनबेस, रिपल यांसारख्या कंपन्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या 'फेअरशेक' या समितीने व तिच्या संलग्न गटांनी २०२४ मध्ये १३ कोटी डॉलर्सहून अधिक खर्च केला. सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष शेरॉड ब्राऊन यांच्या ओहायोतील पराभवासाठी त्यातील सुमारे ४ कोटी डॉलर्स खर्च झाले, परंतु जाहिरातींत कूटचलनाचा उल्लेख जवळजवळ नव्हताच. ब्राऊन केवळ या पैशामुळे हरले असे म्हणता येणार नाही. मात्र खर्च करणाऱ्याचा हेतू एक आणि मतदाराला ऐकविलेला विषय दुसरा, ही स्थिती केनेडी यांच्या निकालपत्रातील 'माहिती मिळालेला मतदार निर्णय घेईल' या गृहीतकाशी मेळ खात नाही. निधीचा स्रोत जाहीर करण्याचे बंधन नसलेल्या ना-नफा संस्थांमार्फत येणाऱ्या पैशाबाबत तर तेवढीही माहिती मिळत नाही. देखरेख ठेवणाऱ्या संघीय निवडणूक आयोगात सहा सदस्य व निर्णयासाठी चार मतांची अट असल्याने पक्षीय कोंडी नित्याची आहे. २०१९, २०२० व २०२५ मध्ये तर आयोगाकडे गणसंख्याही नव्हती.

कंपन्यांचा खरा भर निवडणुकीनंतरच्या लॉबिंगवर असतो. संघीय पातळीवरील लॉबिंगचा नोंदविलेला खर्च २०२२ ते २०२४ या प्रत्येक वर्षी ४ अब्ज डॉलर्सहून अधिक होता. २००३ मध्ये वृद्धांच्या 'मेडिकेअर' योजनेत औषधांचा समावेश करणारा कायदा झाला, तेव्हा औषध कंपन्यांशी किमतींबाबत वाटाघाटी करण्यास शासनालाच मनाई करणारे कलम त्यात घालण्यात आले. प्रतिनिधिगृहात या विधेयकावरील मतदान जवळजवळ तीन तास, पहाटेपर्यंत, खुले ठेवण्यात आले आणि ते २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत झाले. ते पुढे नेणाऱ्या समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन २००५ मध्ये औषध उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख झाले. जनमत चाचण्यांत वाटाघाटींच्या बाजूने सातत्याने मोठे बहुमत असूनही ही मनाई उठण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले, आणि पहिल्या दहा औषधांच्या वाटाघाटीने ठरलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. कॉर्पोरेट प्रभाव अजिंक्य नाही, हे या उदाहरणावरून दिसते. त्यावर मात करण्यास लागलेली एकोणीस वर्षे हीच त्याची मोजदाद आहे.

या प्रभावाचे सांख्यिकी मापन करण्याचा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयत्न मार्टिन गिलेन्स व बेंजामिन पेज यांनी २०१४ मध्ये केला. १९८१ ते २००२ या काळातील १,७७९ धोरणविषयक प्रश्नांचा अभ्यास करून, आर्थिक अभिजन व संघटित व्यावसायिक गट यांचा धोरणावर लक्षणीय स्वतंत्र प्रभाव पडतो, सामान्य नागरिकाचा मात्र जवळजवळ पडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मध्यमवर्ग व धनिक यांची मते बहुतेक प्रश्नांवर जुळतातच, त्यामुळे सामान्यांना हवे तेही अनेकदा मिळते, असा प्रतिवाद पुढे करण्यात आला. हा प्रतिवाद ग्राह्य धरला तरी, धनिकांशी मत जुळले म्हणून मिळणे आणि नागरिक म्हणून मिळणे यांतील फरक पुसला जात नाही.

भारतीय न्यायालयांचा वेगळा मार्ग

हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढेही आला आहे. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या नियमनपत्रात बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यानुसार परवानगी दिली, पण अशा देणग्यांमुळे लोकशाहीला असलेल्या धोक्याकडे संसदेचे लक्ष वेधले. १९६९ ते १९८५ या काळात कंपन्यांच्या देणग्यांवर भारतात बंदीच होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजनेबरोबरच, कंपनीच्या देणगीवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकणारी २०१७ ची दुरुस्तीही एकमताने रद्द केली. कंपनीची राजकीय प्रक्रियेवर प्रभाव टाकण्याची क्षमता व्यक्तीच्या तुलनेत कितीतरी अधिक असल्याने दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही, हा त्यामागील विचार 'एक व्यक्ती, एक मत' या तत्त्वातून काढलेला आहे. बकले निकालाने जो युक्तिवाद परका ठरविला, तोच येथे निर्णयाचा आधार झाला. प्रत्यक्ष राजकीय व्यवहारात भारताची स्थिती अमेरिकेहून चांगली आहे असा निष्कर्ष यावरून काढणे धाडसाचे होईल. फरक आहे तो घटनात्मक विचाराचा.

अमेरिकेत हा विचार स्वीकारला जाण्याचे दोनच मार्ग उरतात : न्यायालयाने आपली भूमिका बदलणे किंवा घटनादुरुस्ती. निवडणूक खर्चाचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसला व राज्यांना देणारी दुरुस्ती सप्टेंबर २०१४ मध्ये सिनेटपुढे आली, तेव्हा तिच्या बाजूने ५४ व विरोधात ४२ मते पडली. चर्चा संपवून प्रत्यक्ष मतदानाकडे जाण्यासाठीच ६० मतांची आवश्यकता होती. त्यानंतर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि ३८ राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागली असती.